म्हाताऱ्या पेशंटबद्दल नर्सेसचा दृष्टिकोन: प्रबंधासाठी मोजायचा कसा?

गोदाकाठ

एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष. मंजूर विषय असा: रुग्णालयात दाखल असलेल्या ६० वर्षांवरील रुग्णांच्या शुश्रूषेबद्दल परिचारिकांचा दृष्टिकोन. जागा मराठवाड्यातल्याच, एक शासकीय मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आणि एक जिल्हा रुग्णालय. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो हे तीन वॉर्ड धरलेत.

गाईडचं म्हणणं, कोगनची स्केल (म्हाताऱ्या माणसांबद्दलचा दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली) घे, शंभर फॉर्म भरून घे, झालं. माझी शंका अशी की फॉर्मवर सगळ्याच जणी "वृद्धांची सेवा हे पुण्याचं काम" छाप उत्तरं देणार आणि शेवटी निष्कर्ष निघणार की दृष्टिकोन सकारात्मक आहे. वॉर्डात जे चालतं त्याचा त्या आकड्याशी संबंध लागणार नाही.

तीन गोष्टी विचारायच्यात. कोगन मराठीत वापरताना काय सांभाळायचं? फॉर्मशिवाय वॉर्डात नेमकं काय बघायचं? आणि सॅम्पल किती धरायचं? ज्यांनी असलं काम केलंय किंवा तपासलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

---

आकडेमोड

कोगन घ्या, पण तिच्यावर सगळं टेकवू नका.

ही स्केल १९६१ ची. ३४ वाक्यं, त्यातली १७ म्हाताऱ्या माणसांच्या बाजूची आणि त्यांच्या जोडीची १७ विरोधातली. मूळ पद्धतीत उत्तराला १, २, ३, ५, ६, ७ असे गुण आणि कोरं सोडलेल्या वाक्याला ४. म्हणून बेरीज ३४ ते २३८, मध्य १३६. पुष्कळ जण सरळ १ ते ६ धरतात, तेव्हा बेरीज ३४ ते २०४ आणि मध्य ११९. वेगवेगळ्या प्रबंधांच्या सरासऱ्या शेजारी मांडताना इथंच घोळ होतो. १३० हा आकडा एका पद्धतीत मध्याच्या खाली आहे, दुसरीत वर. कुठली पद्धत घेतली ते साधनांच्या प्रकरणात ठळक लिहा. विरोधातल्या वाक्यांचे गुण उलटवायचे असतात. मूळ पद्धतीत ८ वजा गुण, दुसरीत ७ वजा गुण. हे राहिलं की सगळ्यांचेच आकडे मध्याजवळ गोळा होतात आणि "तटस्थ दृष्टिकोन" असा निष्कर्ष लिहिला जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोगनची वाक्यं समाजातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आहेत, बेडवर पडलेल्या पेशंटबद्दल नाहीत. शिवाय अमेरिकेतल्या राहणीमानावर बेतलेली आहेत. म्हाताऱ्यांनी त्यांच्या वयाच्या लोकांसोबत वेगळ्या वसाहतीत राहावं का, ज्या भागात बरीच म्हातारी माणसं राहतात तो भाग चांगला का, हे प्रश्न तिकडचे. इकडे घरातल्या म्हातारीला सहसा कुणी अशा वसाहतीत ठेवत नाही. अशी वाक्यं काढून टाकू नका, नाहीतर बेरीज तुलनेला उरत नाही. ती तशीच ठेवा आणि रुग्णालयातल्या शुश्रूषेवरची १० ते १२ वाक्यं वेगळ्या भागात घाला. त्यांची बेरीजही वेगळी.

भाषांतर दोघांनी एकमेकांचं न बघता करायचं, तिसऱ्याने दोन्ही एकत्र करायची, आणि ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा चौथ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. मराठीत दुहेरी नकार फार फसवतो. "बहुतेक वृद्ध हट्टी नसतात हे मला मान्य नाही" असलं वाक्य नाईट करून आलेली सिस्टर वाचतच नाही, कुठंतरी टिक करते. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, एकूण सॅम्पलच्या १० टक्के जणी घ्या आणि त्या मुख्य सॅम्पलमध्ये परत घेऊ नका. क्रॉनबाख अल्फा (वाक्यांची उत्तरं आपसात किती जुळतात त्याचं माप) ०.७ च्या वर हवा, आणि तो दोन्ही भागांचा वेगवेगळा काढा. सगळीकडे "सहमत" अशी रेघ ओढणाऱ्या तिथंच सापडतात.

सॅम्पल: १.९६ गुणिले प्रमाण विचलन, भागिले चालेल तेवढी चूक, आणि त्याचा वर्ग. विचलन १५ आणि चूक ३ गुणांची धरली तर ९.८ चा वर्ग, म्हणजे ९७. दहा टक्के फॉर्म वाया जाणार हे धरून १०८. गाईडचे शंभर अंदाजाने का होईना, जवळच बसले. पण दोन हॉस्पिटलांची तुलना करायची असेल तर हे पुरत नाही. अर्ध्या विचलनाएवढा फरक ८० टक्के पॉवरने, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के धरून, पकडायला प्रत्येक गटात ६४ लागतात.

आणि फॉर्म मेट्रनच्या ऑफिसातून वाटू नका. ज्या हातातून गोपनीय अहवाल जातो त्याच हातातून फॉर्म आला की उत्तरं आधीच ठरलेली असतात. नाव नाही, ड्यूटीची तारीख नाही, कुलूपबंद पेटी. वय, शिक्षण आणि वॉर्ड तिन्ही एका फॉर्मवर विचारले की छोट्या वॉर्डात माणूस लगेच ओळखू येतं. वयाचे मोठे गट करा.

---

कडेचा_बेड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वॉर्डात ज्या म्हाताऱ्या पेशंटपाशी नातेवाईक नाही तो शोधा आणि त्याच्या बेडच्या आसपास थांबा.

कारण सरळ आहे. आपल्या सरकारी वॉर्डात भरवणं, पुसून घेणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं ही कामं नातेवाईक करतात. सिस्टरकडे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, चार्ट, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) आणि राऊंड. मुलगा-सून जवळ असलेल्या आजीची शुश्रूषा बघून तुम्ही सुनेचा दृष्टिकोन मोजाल. बीड, जालना, परभणीकडे दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, गावात म्हातारी आणि लेकरं. अशा दिवसांत आजारी म्हातारा शेजाऱ्यासोबत येतो, शेजारी केस पेपर काढून देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. "नातेवाईक कुठंय?" हा पहिला प्रश्न आणि "कुणी नाही" हे उत्तर आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत जे होतं ते लिहून ठेवा. निरीक्षण याच हंगामात करता आलं तर उत्तम.

आता काय बघायचं ते.

पाण्याचा तांब्या किंवा बाटली पेशंटच्या हाताला लागते का? लॉकरवर ठेवलेली बाटली सलाईन लावलेल्या हाताच्या बाजूला असेल तर ती नसल्यातच जमा. लघवीला जाणं अवघड म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या वॉर्डात हे फार लवकर महागात पडतं. हार्ट-किडनीचं बंधन नसेल तर किलोला ३० मिली, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. कातडी चिमटीत धरून बघण्याचा या वयात उपयोग नाही, ती तशीही सैल असते. जीभ, लघवीचं प्रमाण आणि रंग बघा. इनटेक-आउटपुट चार्टवर (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याची नोंद) सकाळी आठला रात्रीचे सगळे आकडे एका शाईत, एका हाताने भरलेले दिसले तर तेही टिपून घ्या.

कूस. दर दोन तासांनी बदलायची हे सगळ्यांना पाठ असतं. बघायचं ते कशी बदलतात. बगलेत हात घालून वर ओढलं की माकडहाडावरची कातडी घासते. आडवी चादर खाली घालून दोघांनी उचलून सरकवायचं, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांवर कलतं ठेवायचं, पूर्ण कुशीवर नाही, नाहीतर खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. डोक्याकडची बाजू जेवण सोडून ३० अंशांच्या वर नको, पेशंट घसरत येतो. लालसर जागा बोटाने दाबून सोडली आणि पांढरी झाली नाही तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा, आणि तिथं स्पिरिट-पावडर लावून चोळणं हे आजही चालू आहे. चोळल्याने आतली नाजूक झालेली ऊती आणखी फाटते. हवा भरलेली रिंग खाली देणंही तसंच, कडांवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. आता यात गंमत अशी की चोळणारी सिस्टर प्रेमानेच चोळत असते. म्हणजे दृष्टिकोन चांगला आणि शुश्रूषा वाईट. तुमच्या तक्त्यात हे दोन रकाने वेगळे हवेत. ब्रेडन स्कोअर, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजणारे गुण, भरलेला आहे का तेही बघा. ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी म्हणजे धोका. बहुतेक ठिकाणी तो पहिल्या दिवशी भरतात आणि नंतर डिस्चार्जपर्यंत तोच.

कॅथेटर आणि डायपर. प्रत्येक कॅथेटरसाठी केस पेपरवर कारण लिहिलंय का ते मोजा. लघवी अडकलेली, तासातासाचं माप हवं, ओला होणारा बेडसोअर, ही कारणं झाली. "चादर ओली करतो" हे कारण नाही. कॅथेटर असताना दर दिवसाला ३ ते ७ टक्के या गतीने जंतू लघवीत शिरतात. सातव्या दिवशी ताप आला की वरून अँटिबायोटिक.

बांधणं. हात बँडेजने पलंगाला बांधलेले दिसले तर वेळ, कारण, कुणी सांगितलं आणि केव्हा सोडलं हे चार रकाने. शेवटचा जवळपास नेहमी कोरा असतो.

आणि सर्वात जास्त निसटणारा पेशंट म्हणजे शांत पडलेला. रात्री ओरडणारा, सलाईन उपसणारा म्हातारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक हरपणारं भान, शांतही असतो. कालपर्यंत बोलणारी आजी आज भिंतीकडे तोंड करून पडलीय, घास तोंडात धरून ठेवतेय, तर ओव्हर देताना (पुढच्या ड्यूटीकडे पेशंट सोपवताना) "बेड बारा, झोपलेल्या आहेत, काही त्रास नाही" एवढंच सांगितलं जातं. "म्हातारपणी असंच होतं" हे वाक्य ओव्हरमध्ये किती वेळा येतं ते मोजा, त्यातून फॉर्मपेक्षा जास्त कळेल. मागे बहुधा साधं काहीतरी असतं: लघवी तुंबलेली, चार दिवस परसाकडं झालेली नाही, सोडियम उतरलेलं, न्यूमोनिया ज्यात या वयात ताप येईलच असं नाही, नाहीतर चष्मा आणि कवळी पिशवीत बांधून नातेवाइकांबरोबर घरी गेलेली. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बाईची मिश्री एकदम बंद झाली की तीही बेचैन होते. हा प्रश्न ॲडमिशनच्या वेळी कुणी विचारत नाही.

रात्रीच्या एस.ओ.एस. (गरज पडली तरच द्यायच्या औषधांच्या) ऑर्डरी वेगळ्या काढा. झोपेसाठी फेनर्गन किंवा ॲव्हिल, ही खरं तर ॲलर्जीची औषधं, किती जणांना गेलं, वयाप्रमाणे मांडा. ही औषधं म्हाताऱ्या माणसात गोंधळ वाढवतात, लघवी अडवतात, म्हणून हा औषधांचा गट या वयात टाळायच्या औषधांच्या बीअर्स यादीत आहे. लिहितो डॉक्टर, पण फोन करून मागतं कोण, तेही बघा.

---

दगडी_वाडा

वरचं सगळं खरं आहे, पण याला "नर्सेसचा दृष्टिकोन" म्हणणार असाल तर थोडा हिशेब करा.

चाळीस बेडचा वॉर्ड, जमिनीवरच्या गाद्यांवरचे वेगळे. नाईटला एक सिस्टर आणि मदतीला एक वॉर्डातला मामा किंवा मावशी. समजा दहा पेशंटना कूस बदलायची आहे. चादर सरकवून, उशा लावून, जागा बघून एकाला सहा मिनिटं, तीही दोघांची. एक फेरी म्हणजे एक तास. रात्री आठ ते सकाळी आठ, सहा फेऱ्या, सहा तास. बारा तासांच्या ड्यूटीतले सहा तास फक्त कुशी बदलण्यात. मधे दोन नवीन ॲडमिशन, एक डेथ, पहाटेची सॅम्पलं, सहाची इंजेक्शनं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डात मेडिकल कॉलेजला तिघांमागे एक आणि इतर हॉस्पिटलात पाचांमागे एक असं आहे. ते कुठल्या वॉर्डात दिसतं ते सांगा, आम्ही बघायला येऊ.

भरवण्याचंही तेच. अर्धांगाच्या पेशंटला बसतं करून, भाकरी वरणात कुस्करून, एकेक घास गिळलेला बघत भरवलं तर २० ते ३० मिनिटं लागतात आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. घाई केली तर घास फुफ्फुसात जातो. अशी चार माणसं असतील तर जेवणाची वेळ संपून जाते. मग रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, टाकली जाते. ही दृष्टिकोनाची समस्या की माणसांची?

---

गोदाकाठ

दोन्ही मुद्दे पटले आणि त्यामुळेच अडकलेय. कामाचा ताण आणि दृष्टिकोन वेगळे कसे करायचे? परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार.

आणखी एक. ६० वर्षांवरच्या पेशंटना भान आहे का हे तपासायला फोरएटी (4AT, डेलिरियम ओळखायची छोटी चाचणी) वापरायचा विचार होता, पण साल विचारलं की निम्म्यांना सांगता येत नाही.

---

आकडेमोड

ताण सगळ्या पेशंटसाठी सारखा असतो. म्हणून एकाच ड्यूटीवर, एकाच सिस्टरकडे असलेल्या ४० च्या आणि ७५ च्या पेशंटमध्ये काय फरक पडतो ते बघा. वेळ पुरत नाही तेव्हा काहीतरी सोडावंच लागतं. कुणाचं सोडलं जातं हा तुमचा विषय. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये राहून गेलेल्या शुश्रूषेवर जे काम केलं त्यात राहून जाणाऱ्या गोष्टी अशा होत्या: चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, माहिती देणं, डिस्चार्जची तयारी, धीर देणं, स्वच्छता, इनटेक-आउटपुटची नोंद आणि पेशंटवर लक्ष ठेवणं. यादी वाचली की लक्षात येतं, यातल्या बहुतेक गोष्टींची गरज म्हाताऱ्यालाच जास्त. इंजेक्शन कधी राहत नाही, कारण त्याची सही असते.

बेल आपल्याकडे नसते. त्यामुळे "बेल दाबल्यापासून किती मिनिटं" हे परदेशी माप सोडा. पेशंटने हाक मारली किंवा शेजारच्या बेडवरच्याने टेबलापाशी येऊन सांगितलं, तिथून सिस्टर बेडपाशी पोचेपर्यंत घड्याळ लावा.

फॉर्ममध्येच एक युक्ती करता येते. एकच काल्पनिक केस लिहा, छातीत दुखणं, श्वास, बी.पी. सगळं सारखं, फक्त निम्म्या फॉर्मवर वय ४५ आणि निम्म्यावर ७८. फॉर्म चिठ्ठ्या टाकून वाटा. खाली विचारा: पाच पेशंटमध्ये याला कितव्या क्रमांकावर बघाल, दुखण्याचं इंजेक्शन द्यायला डॉक्टरला लगेच कळवाल की राऊंडला सांगाल. कुणालाच कळत नाही की वय बदललंय, त्यामुळे "चांगलं" उत्तर द्यायची सोयच राहत नाही. संशोधन संपल्यावर हे सगळ्यांना सांगावं लागेल, आणि एथिक्स कमिटीच्या अर्जात ते आधीच लिहा, नाहीतर अर्ज परत येतो.

---

तिसरी_पाळी

फोरएटीबद्दल. चार भाग आहेत. जागरूकता ० किंवा ४, मग वय-जन्मतारीख-ठिकाण-साल यांना मिळून ० ते २, महिने उलटे म्हणायला ० ते २, आणि अचानक झालेला बदल ० किंवा ४. एकूण ४ किंवा जास्त म्हणजे डेलिरियमची शक्यता. म्हणजे साल आणि जन्मतारीख दोन्ही चुकले तरी नुसत्या त्यावर कुणी डेलिरियममध्ये जात नाही, २ च्या वर गुणच नाहीत. पण निरक्षर माणसाला महिन्यांचेही २ बसले की बेरीज ४ होते आणि तिथं चूक होते.

आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख असते, ती त्यांची नसतेच. वय काढायचं तर प्रसंगावरून काढा: पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे १९४८ ला, जन्म झाला होता का, ७२ च्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ ला, नातवंडं होती का. महिने उलटे म्हणायला डिसेंबरपासून सांगू नका. फाल्गुन, माघ, पौष असे म्हणता येतात का बघा, नाहीतर वार उलटे. प्रश्न असे बदलले की ती मूळ चाचणी राहत नाही, तेव्हा प्रबंधात काय बदललं ते लिहा आणि गुणांची रेषा जशीच्या तशी लावू नका. सर्वात भरवशाचा भाग चौथा, आणि तो शेजारच्या बेडला किंवा घरच्यांना विचारायचा: "परवापासून यांच्यात काही फरक वाटतोय का?"

भाषा विसरू नका. किनवट-माहूरकडची तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कानडी, शहरात दखनी उर्दू. मराठी सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही की केस पेपरवर "सहकार्य करत नाही" असं लागतं, आणि पुढच्या तिन्ही ड्यूट्या तेच वाचून वागतात. कानाचंही तसंच. वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून किंचाळून काही होत नाही. समोर या, मास्क असेल तर थोडं अंतर ठेवून खाली घ्या, आवाज खालच्या पट्टीत, वाक्य छोटं.

बोलण्याचा रकाना ठेवणार असाल तर "आजी", "बाबा", "मामा" याला नकारात्मक धरू नका, परदेशी चेकलिस्टमध्ये तसं असतं. इकडे ते मानाचंच आहे. "ए म्हातारे", "चल गं उठ", आणि पेशंट शुद्धीवर असताना त्याच्याबद्दल नातेवाइकाला विचारणं, "जेवले का हो हे?", हे धरा.

---

दगडी_वाडा

वयाची तुलना एकाच ड्यूटीत, हे मान्य. मग प्रत्येक निरीक्षणाच्या वेळी वॉर्डात किती पेशंट, किती सिस्टर, हेही रकाने टाका, म्हणजे पुढे कुणी आकडा आमच्या अंगावर फेकणार नाही.

आणि फक्त वृद्धांचा वॉर्ड निवडू नका. वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, २०१०-११ पासून, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड धरलेला आहे. २००७ च्या कायद्यातही सरकारी रुग्णालयात शक्य तिथवर ज्येष्ठांना खाट द्यावी असं आहे. पण म्हातारी माणसं पडलेली असतात मेडिसिन आणि ऑर्थोमध्ये, तुमचे वॉर्ड बरोबर आहेत.

---

कडेचा_बेड

निरीक्षण दोन-दोन तासांच्या तुकड्यांत करा, तिन्ही ड्यूट्यांत, आणि नाईटचे तुकडे पहाटे तीन ते पाच मधले जरूर घ्या. सुरुवातीचे काही दिवस सगळ्या जणी तुम्हाला बघून नीट वागतील, ते आकडे बाजूला ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या निरीक्षकाला काही तुकडे सोबत बसवा आणि दोघांचं जुळतं का ते कप्पाने (दोन निरीक्षकांच्या नोंदी किती जुळतात त्याच्या मापाने) काढा.

एक गोष्ट एथिक्सच्या अर्जात आधीच लिहून ठेवा. लाल झालेली पाठ, पलंगाच्या कडेला आलेला माणूस, घास अडकलेला, असं काही दिसलं तर कागद ठेवून द्यायचा, आधी पेशंटला हात लावायचा, मग ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगायचं. तो तुकडा मोजणीतून बाद धरायचा आणि का बाद केला ते परिशिष्टात एका ओळीत द्यायचं.